मंडळीकडे पाठ

चर्चमध्ये पुढच्या उंच सज्जात ऑर्गनवर बसलं की जमलेल्या मंडळीकडे पाठ होते, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ती तिथे बसायची. पाळकसाहेबांची खूण दिसावी म्हणून समोर एक छोटा आरसा टांगला होता. त्या रविवारी उपदेश ऐन रंगात आला होता आणि आरशात, अगदी शेवटच्या बाकावर, एक तरुण चक्क तोंड उघडं टाकून झोपला होता. तिला हसू आवरेना. नेमका तेव्हाच तो जागा झाला, त्याने थेट आरशात पाहिलं... आणि पुढच्या गीताचा पहिला सूर चुकला तो चुकलाच.

उपासना संपल्यावर तो लाकडी जिना चढून वर आला. अँब्युलन्स चालवायचा तो. रात्रपाळी करून तसाच उपासनेला आला होता.

"तुम्ही मला हसलात."

"तुम्ही घोरत होता," ती पट्ट्यांवरचं कापड सारखं करत म्हणाली.

"मग जरा जोरात वाजवत जा ना... माझ्यासाठी."

तेव्हापासून तो दर रविवारी एकेक बाक पुढे सरकू लागला. आरशात मोठा मोठा दिसू लागला. तिच्या छातीत अशी धडधड व्हायची की ऑर्गनचा भाता मारणारे पाय ताल सोडून पळायचे. मंडळीतल्या आज्या एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या, पण हिची मान काही वळायची नाही.

मग एके दिवशी तो एक निरोप घेऊन वर आला. इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या मंडळीच्या गटात तो होता. तिला ऑर्गन शिकवणाऱ्या बाई तिथल्या वॉर्डात अंथरुणाला खिळल्या होत्या, कान पार गेले होते, आणि आता फार दिवस उरले नव्हते. त्यांचा हट्ट एकच होता — पोरीने येऊन एकदा गाऊन जावं.

"ऐकू येत नाही, तर गाणं कशाला?"

"मीही तेच लिहून विचारलं. म्हणाल्या, ते माझं मी बघेन."

लहानपणी एकदा मंडळीसमोर गाताना तिचा आवाज फाटला होता आणि सगळे खो खो हसले होते. रडून रडून लाल झालेल्या त्या पोरीला बाईंनीच ऑर्गनवर बसवलं होतं. तेव्हापासून चारचौघांत गाणं तर सोडाच, तिने साधी प्रार्थनाही मोठ्याने केली नव्हती. मी बोटांनी देवाची सेवा करते, तेवढी पुरे आहे, असं तिने त्याला फणकाऱ्याने सांगून टाकलं.

"देवाला तुमची पाठही आवडत असेल," तो शांतपणे म्हणाला, "पण बाईंना चेहरा बघायचाय."

तिला भयंकर राग आला. घरी गुडघे टेकून तिने प्रभूपाशी तक्रार मांडली — दुसरं काहीही सांग, बाकं पुसते, जिने झाडते, पण हे नको. आणि तो 'नको' तिच्या स्वतःच्याच कानाला झोंबला. इतकी वर्षं सेवा सेवा म्हणत ती लपून बसली होती, हे तिला लख्ख कळलं. दुसऱ्या दिवशी ती अँब्युलन्सच्या दारात उभी राहिली.

"चला. माझा विचार बदलायच्या आत."

वाटेत तिने विचारलं, तुम्हाला कधी भीती नाही का वाटत? तो हसला. सायरन लावला की रोज हाताला घाम फुटतो, म्हणाला. मग प्रभूला शेजारी बसवतो. भीती काही उतरत नाही, मागे बसून राहते... पण गाडी पुढे जाते.

वॉर्ड माणसांनी भरलेला होता. बाई उशीएवढ्या उरल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बसवलं, हात तिच्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. ती गायला लागली. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. कोणीतरी खाकरलं. ती थांबली नाही. आणि मग चादरीखाली बाईंचे पाय हलू लागले, डावा, उजवा, डावा, अगदी तालात, नसलेल्या ऑर्गनचा भाता मारत. ज्या आवाजाची तिला जन्मभर लाज वाटली, तो एक बहिरी म्हातारी बोटांनी ऐकत होती. इथे देव आहे, आत्ता, या खाटेपाशी, असं तिला वाटलं आणि गाता गाता ती रडू लागली.

गीत संपलं. खाटेच्या पायथ्याशी तो बाहीने डोळे पुसत होता. बाईंनी त्याला न्याहाळलं आणि कान गेलेली माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात विचारलं, "हा कोण गं तुझा?"

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. मंडळीतले आहेत, एवढं म्हणून भागलं असतं.

"मला... आवडतो," ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल. मला कुठे ऐकू येतंय?"

बाईंचा हात अजून गळ्यावर होता. तिने पोटभर श्वास घेतला, मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला हा आवडतो, बाई."

तो पुढे आला, बाईंच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "मलाही ही आवडते."

मग तिच्याकडे वळून त्याने तेच पुन्हा सांगितलं — अगदी हळू.