बाबा लाकूड वाजवून बघत

ही गोष्ट खरी आहे. मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण कधी कुणाला भुताची गोष्ट सांगितली नाही. तेव्हा घाबरवायची हौस म्हणून सांगतेय, असं समजू नका.

रात्र नव्हती. गेल्या हिवाळ्यातला रविवार, टळटळीत दुपार. जागा आमच्याच घराची खालची लांब खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, आणि खिडकीखाली बाबांचं कामाचं टेबल.

बाबा तंतुवाद्यं बनवत. सगळं हाताने.

त्यांची एक सवय आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

नवी फळी आली की ते ती बोटाच्या पेराने वाजवत. टक... टक. मग कान लावत. लाकूड बोललं, तर त्यावरून सावकाश अंगठा फिरवत. नाही बोललं, ठस वाजलं, तर निळ्या खडूने फुली. फुलीची फळी कोपऱ्यातल्या चुलीत जायची. त्याच चुलीवर लाकूड चिकटवायचा सरस तापायचा.

मी लहान असताना, एका हिवाळ्यात गिऱ्हाइकं बसली होती. बाबांना लहर आली. मला आणि धाकट्या भावाला त्यांनी पाठमोरं उभं केलं.

माझी पाठ वाजवली. अंगठा फिरला. "ही बोलतेय."

धाकट्याची वाजवली. पुन्हा वाजवली. आणि त्याच्या सदऱ्यावर फुली मारली.

"ठस आहे. घाला चुलीत."

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. धाकटाही हसला. त्याला वाटलं, आपल्याला बक्षीस मिळालं. आईने धुवायला मागितला, तरी सदरा काढून देईना.

त्याच हिवाळ्यात त्याला ताप भरला.

आई दारात येऊन म्हणाली, "अहो, चला ना. पोराचं अंग नुसतं भाजतंय."

बाबा सांधा दाबून बसले होते. "सरस गरम आहे. आत्ता हात काढला तर सांधा वाया जाईल."

सरस थंड झाला तेव्हा धाकटाही थंड झाला होता.

सांधा मात्र आजही पक्का आहे. ते वाद्य बाबांनी पुढे तारा न लावता तसंच भिंतीवर टांगलं. अजून तिथेच आहे.

मग राहिले मी. मला ते रोज वाजवायला बसवत. चुकलं की जेवण बंद. "अजून जाड आहेस," म्हणत. "घासायला हवं तुला." शाळेत नोकरी मिळाली, मी घर सोडलं, म्हणून वाचले.

बाबा वारल्यावर मी या घरी परतले. त्याच खोलीत मुलांचा वाजवण्याचा वर्ग सुरू केला. नियम एकच. कुणी कुणाला ठस म्हणायचं नाही.

वर्गात एक सात वर्षांची मुलगी होती. सगळ्यात संथ. पोरं तिला गोगलगाय म्हणत.

"बाई, गोगलगाय पहिल्या सुरावरून निघाली का?"

"निघालीय रे, पोचेल संध्याकाळपर्यंत!"

मी म्हणायचे, "पोचेल. आणि तुमच्यासारखी धापा टाकत नाही पोचायची."

त्या दुपारी बाकीची पोरं घरी गेली होती. गोगलगाय एकटीच वाजवत बसली होती. मी खिडकीपाशी एका वाद्याच्या खुंट्या पिळत होते.

टक... टक.

"पाय आपटू नकोस गं."

"मी नाही, बाई."

टक... टक.

तिने मान वळवली नाही. अगदी हळू विचारलं,

"बाई, माझ्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही, बाळा."

"मग मला कोण वाजवून बघतंय?"

माझ्या हातातली खुंटी सुटली.

आणि वास आला... तापलेल्या सरसाचा.

चूल कित्येक वर्षं पेटलेली नव्हती.

मी तिला वळवलं. पिवळ्या फ्रॉकच्या पाठीवर... निळी फुली.

मला धाकट्याचा सदरा दिसला. मी पदराने फुली पुसली. पदर निळा झाला, फुली तशीच. ती फुली घेऊन पोरीला घरी पाठवायची माझी हिंमत होईना.

"बाबा, ही ठस नाही," मी भिंतीकडे बघून म्हणाले. "ऐका जरा."

तिला समोर बसवलं. तिचं बोट हातात धरलं. "घाई नाही. तारेवर जोर नाही करायचा. नुसतं बोट टेकव, आणि ऐक."

पुन्हा. पुन्हा. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. ती कंटाळली नाही, मीही नाही.

आणि सूर लागला. भरलेला, गोल, अख्खी खोली व्यापणारा. भिंतीवरचं वाद्यसुद्धा गुणगुणलं.

त्याला तारा नाहीत.

टक... टक.



गोगलगाय खुदकन हसली. "बाई, गुदगुल्या होतात! कुणीतरी अंगठा फिरवतंय."

पाठीवरची फुली गेली होती. मी तिला पोटाशी धरून रडले. वाचली पोर! तिला दारापर्यंत सोडलं. ती उड्या मारत गेली.

मी कुलूप लावायला वळले.

खर्र...

रिकाम्या टेबलावरून आवाज आला. रंध्याचा. बाबा फळी तासायला घेत, तेव्हाचा.

खर्र... खर्र...

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं.

नापास लाकूड चुलीत जातं. पास झालेलं रंध्याखाली.

मी वर्ग बंद केला. खोलीला कुलूप आहे. तरी रोज दुपारी रंधा चालतो. दार उघडून बघते, तर टेबल स्वच्छ. खाली एक सालपट नाही की भुशाचा कण नाही.

परवा गोगलगायीची आई तिला घेऊन आली होती.

"बाई, जेवते हो नीट. तरी दर आठवड्याला फ्रॉक सैल होतोय. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि दिवसभर गुणगुणत असते. काय गोड गळा झालाय! वर्ग परत सुरू करा ना, हिच्यासाठी तरी."



गोगलगाय खिडकीत उभी होती. तिने मला हात केला. तिच्या तळव्यातून पलीकडचं ऊन दिसलं.

फळी पुरेशी पातळ झाली का, ते बाबा उजेडात धरून बघत.

हे लिहितेय, आणि खाली रंधा चालूच आहे. मधेच थांबतो...

मग मी जास्त घाबरते.