ओल्या ग्लोव्हजची पेटी

"सुटला! परत झेल सुटला!" उझ्मा गोलंदाजीच्या टोकावरून ओरडली.

दिशाने स्कोअरच्या वहीत भीमाच्या नावापुढे तिसरी फुली मारली. पुणतांब्याच्या उन्हाळी शिबिराचा हा यष्टिरक्षक. एरवी झाडावरून पडणारी चिंचही झेलायचा!

राधाकृष्ण सरांनी त्याला ग्लोव्हज काढायला लावले. तळवे लालभडक, बोटांच्या बेचक्यांत साल सुटलेली.

"खरूज!" सर दोन पावलं मागे सरले. "आणखी चौघं खाजवतायत, तेही तुझ्यामुळेच. उद्यापासून घरीच थांब. शनिवारी जिल्ह्याच्या निवडीला दुसरा जाईल."

भीमा वर्षभर त्या शनिवारची वाट बघत होता. जेवताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. शेवटी उझ्मा आणि दिशाच डबे घेऊन तिथे सरकल्या. आभाळ सकाळपासून कोंदलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही.

दिशाला माणसं टिपायची खोड होती. बाद झाल्यावर कोण बॅटकडे रागाने बघतं, फील्डिंग आली की कोणाचं पोट दुखतं, सगळं वहीच्या मागच्या पानांत! जेवण होताच तिने ती पानं चाळली.

"उझ्मे, भीमाच्या डब्यातला ठेचा रोज कोण खातं?"

"मी! त्याच्या आईच्या, भागूकाकूंच्या हातचा ठेचा कोण सोडतं?"

"तुला खाज?"

"छे!"

"आणि खाजवणारे चौघं भीमाजवळ फिरकतही नाहीत. पण चौघंही भीमासारखेच शिबिराचे ग्लोव्हज घालतात. ज्ञानेश्वर घरचे घालतो, खेळून झालं की खिडकीत टांगतो. त्याचे हात बघ, लोण्यासारखे!"

उझ्मा ताडकन उठली. "चल, सामानाच्या खोलीत!"

सामान सांभाळणारे छगनकाका बाकावर घोरत होते. पत्र्याच्या पेटीचं झाकण उचलताच असा भपकारा आला की उझ्माने ओढणी नाकाला लावली. आत खताची गोणी, तोंड सुतळीने करकचून बांधलेलं. दिशाने गाठ सोडली. घामाने ओलेचिंब ग्लोव्हज एकमेकांत कोंबलेले, शिवणींवर पांढरट बुरशी आणि वरून टाल्कम पावडर!

"सरांना आण," दिशा कुजबुजली. उझ्मा पळाली.

तेवढ्यात काका जागे झाले. "ए पोरी, हात लावू नगं! उंदरं कुरतडत्यात म्हनून बांधलंय. वासाला पावडर हाय की!"

दिशा गोड हसली. "काका, तुमच्या कांदाचाळीतला कांदा लई टिकतो म्हणे?"

काकांची छाती फुगली. "टिकनारच! आदी सावलीत सुकवायचा. मंग चाळीत, खालून वारं, बाजूनं वारं. वल्ला कांदा गोनीत कोंबला तर आठ दिसांत सडंल. येड्यालाबी कळतं!"

दारात सर उभे होते. दिशाने गोणी त्यांच्या पायाशी उपडी केली.

"मग हे कोणाला कळलं नाही, काका?"

काकांनी हळूच टोपी काढली. "चुकलं, पोरी."

राहात्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, खरूज नाही, ओल्या ग्लोव्हजमधली बुरशी आहे. औषध लावा, आणि पंधरा दिवस ग्लोव्हज घालायचे नाहीत.

पंधरा दिवस! शनिवारी निवडीला जाणारी जीप भीमाशिवायच गेली.

काकांनी चाळीचा एक कप्पा रिकामा केला. ग्लोव्हज पुसून, बोटं उघडी ठेवून तिथे सावलीत वाळत घातले.

सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर भीमाची माफी मागितली. "मी हात बघितले, ग्लोव्हज बघितले नाहीत. दिशा, उझ्मा, शाबास! तुम्ही नसता तर हे पोर फुकट बदनाम झालं असतं." टाळ्या वाजल्या. भीमाला वाजवता आल्या नाहीत. हातांना मलम होतं.

दिशाने त्याच्यापुढच्या तीन फुल्या खोडल्या. दोन काकांच्या नावावर मांडल्या, आणि थोडा विचार करून एक सरांच्या.

जेवताना भीमाशेजारी बसायला एकच झुंबड उडाली. तो मान वर न करता म्हणाला,

"इथं उझ्मा बसते. तिथं दिशा. तुम्ही आपले पलीकडं बसा."