ट्राममध्ये सांडलेलं कोकम

हॅनोव्हरच्या ट्रामनं करकचून ब्रेक मारला आणि निशिगंधाच्या हातातली बाटली थेट समोरच्याच्या पांढऱ्या शर्टावर रिकामी झाली.

"अगं आई गं! माझं कोकम!"

"आणि माझा शर्ट...?" समोरून चक्क मराठीत प्रश्न आला.

तिनं दचकून वर पाहिलं. उंच, सावळा, चष्म्यावरसुद्धा लाल थेंब... आणि तरी तो हसत होता!

"सॉरी हो! पण तीन वाजता माझी स्पर्धा आहे, बारटेंडर्सची. त्यासाठीच केलं होतं हे –" तिनं रिकामी बाटली उलटी करून दाखवली.

निशिगंधा ब्राउनश्वाइगला मेकॅनिकलचं मास्टर्स करायला आली होती. शिकता शिकता एका बारमध्ये अर्धवेळ काम धरलं आणि काउंटरमागे ती इतकी रमली, की डिग्री हातात पडल्यावरही तिथून हलली नाही. एक दिवस स्वतःचा बार काढायचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आजची स्पर्धा हॅनोव्हरला होती, आणि जिंकणाऱ्याला हाम्बुर्गच्या एका नावाजलेल्या बारमध्ये वर्षभर शिकायला मिळणार होतं.

त्यानं घड्याळ पाहिलं. "साडेबारा. उतरा पटकन!"

"कुठे?"

"माझ्या काकूकडे. मालिनीकाकूच्या घरात आमसुलं नाहीत असं होणारच नाही. मी नील."

"तुमचं काम राहील ना..."

"वोनुंग बघायला निघालो होतो. या अवतारात मला कोण घर देणार?"

मालिनीकाकूंनी दार उघडलं आणि किंचाळल्याच. "अरे, रक्त कसलं हे?"

"कोकम, काकू. अजून हवंय!"

दहा मिनिटांत आमसुलं गरम पाण्यात पडली. काकूंनी जिरं भाजलं, नील साखर ढवळत राहिला. घरभर आंबटगोड वास सुटला. निशिगंधानं चमचा त्याच्यापुढे धरला.

"गोड जास्त झालंय का?"

तिच्याकडे बघतच त्यानं चाखलं. "आल्झो... म्हणजे, जरा जास्तच गोड आहे."

"कोकमाचं विचारतेय मी."

"मग मी कशाचं सांगतोय?"

तिचे कान तापले. काकू उगाचच खिडकीबाहेर बघू लागल्या.

"घरी माहीत आहे हे बारचं?" त्यानं हळूच विचारलं.

"आईला सगळं. बाबांना... 'हॉटेल लाइन' एवढंच."

तीनला पाच कमी असताना दोघं धापा टाकत हॉलमध्ये पोचली. शेकर उचलताना बर्फाचे दोन तुकडे खाली पडले. इतक्यात तिसऱ्या रांगेत तो लालेलाल शर्ट दिसला. नील दोन्ही अंगठे वर करून उभा होता! तिला हसू फुटलं, आणि हात सराईतपणे चालू लागले. जिन, कोकम, बर्फ, वर चिमूटभर जिरं.

परीक्षकबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले. "काय आहे हे?"

"कोकणातली दुपार," ती जर्मनमध्ये म्हणाली.

पहिला नंबर! टाळ्या थांबायच्या आतच तिनं फोन लावला. "बाबा, मी बारटेंडर आहे. आणि मी जिंकलेय."

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"...चव कशी झाली होती?" बाबांनी विचारलं, आणि ती हसता हसता रडू लागली.

त्या उन्हाळ्यात प्रत्येक रविवारी ती ब्राउनश्वाइगहून हॅनोव्हरला यायची. तळ्याकाठी दोघं मैलोन्मैल चालायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. फक्त सप्टेंबरबद्दल, तिच्या हाम्बुर्गला जाण्याबद्दल, कोणीच बोलत नव्हतं.

सप्टेंबर आलाच. हाम्बुर्गच्या गाडीत नीलनं तिची जड बॅग चढवली, फळीवर ठेवली आणि नुसताच उभा राहिला.

"एकदाही 'थांब' म्हणाला नाहीस," ती रागानं म्हणाली.

"म्हणालो असतो तर... तू थांबली असतीस, याची भीती वाटली."

"मुळीच थांबले नसते!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच तर प्रेम आहे माझं तुझ्यावर."

निशिगंधा बघतच राहिली. मग तिनं त्याची कॉलर धरली आणि जवळ ओढलं. "मूर्खा, हे जूनमध्ये का नाही सांगितलंस? माझंही आहे..."

मागे दार बंद झाल्याचा आवाज आला. प्लॅटफॉर्म हळूहळू मागे सरकू लागला.

"नील! गाडी सुटली!"

"कळलं मला," तो म्हणाला, आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर निवांत बसला.