मास्तरांच्या घरचा फराळ

मनन, मोबाईल बाजूला ठेव रे भिया. चिऊ, तू जवळ सरक. ही इकडची तिकडची गोष्ट नाही, आपल्या मयुरेशच्या बाबतीत घडलेली आहे. त्याच्याच तोंडून ऐकली मी.

गेल्या वर्षीची धनतेरस, शनिवार, रात्रीचे साडेआठ. माईनं, म्हणजे मयुरेशच्या आईनं, फराळाचा डबा हातात दिला आणि त्याला शाळेपासून गणित शिकवणाऱ्या नारायणराव मास्तरांकडे पोचवून ये म्हणाली.

पोरगा दिल्लीहून सुट्टीवर आलेला. आपल्या सगळ्या खातेगांवात गणितात पहिला, म्हणून दिल्लीतल्या नामी कॉलेजात ऑनर्सला लागला. आणि तिथे काय? वर्गातले सगळेच आपापल्या गावचे पहिले. याचे दोन पेपर गेले. बोलणार कुणाशी? घरून फोन आला की 'मस्त चाललंय'. आता परत जायचंच नाही, असं मनात पक्कं करून आला होता. फक्त घरी सांगायचा धीर होत नव्हता.

मास्तरांच्या गल्लीत लाईट गेलेली. दार मात्र उघडं. यानं मोबाईलचा टॉर्च मारला, तर मास्तर शिकवणीच्या खोलीत, फळ्यासमोर खुर्चीत बसलेले. त्यांना पाहिलं आणि बिचाऱ्याला रडूच फुटलं. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं.

मास्तर हळूच म्हणाले, "तुझं ते गणित मला नाही रे येत. मला समजावून सांग."

मयुरेशनं खडू उचलला. परीक्षेत अडलेली सिद्धता लिहायला घेतली. ओळ झाली की मागून प्रश्न यायचा, असं का? हा थांबायचा... खोडायचा... पुन्हा लिहायचा.

आणि सुटली.

मागे आवाज नाही. हा वळला.

खुर्ची रिकामी.

दारात मास्तरांच्या पत्नी, राजाबाई. हातात मेणबत्ती.

"कुणाशी बोलतोयस, बाळा?"

"काकू, मास्तर..."

त्यांनी मेणबत्ती रिकाम्या खुर्चीजवळ धरली.

"ते श्रावणातच गेले रे. घरी नाही सांगितलं तुला?"

नव्हतं सांगितलं. पोराच्या अभ्यासात विघ्न नको म्हणून तेव्हा लपवलं. तो आल्यावर माईला वाटलं बाबांनी सांगितलं असेल, बाबांना वाटलं माईनं. दुखवट्याच्या घरी वर्षभर गोडधोड करत नाहीत, म्हणून तर फराळ पाठवला होता.

त्या रात्री घरी येऊन मयुरेशनं कॉलेजातलं खरं काय ते सांगितलं. भाऊबीज झाल्यावर दिल्लीला परतला.

राजाबाईंनी तो फळा पुसलेला नाही. मी जाऊन पाहिलाय. सगळं अक्षर मयुरेशचं. पण शेवटच्या ओळीखाली लाल खडूनं बरोबरची खूण... मास्तरांची सही...

आणि तारीख. त्याच रात्रीची.