देवीच्या डोहाचं गुपित

“एकवीस शिंपले, आणि एकवीसच्या एकवीस मेलेले!” शालन किंचाळलीच.

“मघाशी बेटाच्या वरच्या टोकाला तर सगळे जिवंत होते!” वहीत आकडा लिहिता लिहिता ज्योतीराम म्हणाला.

निघोजे गावापाशी इंद्रायणीच्या मधोमध एक बेट होतं. दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांची शालन, तिचा चुलतभाऊ सोनबा आणि पिंपरीहून पाहुणा आलेला ज्योतीराम यांचा मुक्काम तिथेच असायचा. त्याला कारण कुसुमताई. शालनची ही मामेबहीण रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी खडकांवरचे समुद्रजीव मोजायची. दोरीची चौकट टाकायची, आत काय काय आहे ते मोजायचं, लिहायचं, पुढे सरकायचं! नदीतल्या बेटावर तीच पद्धत वापरून बघायला ती आली होती.

पण चार दिवसांपासून घाटावर मेलेले मासे लागत होते. तेही बेटामागच्या देवीच्या डोहातले, ज्यांना गावात कुणी हात लावत नसे! पंच नानासाहेबांनी निकालही देऊन टाकला होता, “ही बाई देवीच्या पाण्यात दोऱ्या टाकतीय, म्हनून देवी कोपली. उद्याच्या एष्टीनं धाडून द्या तिला!” कुसुमताईने मुकाट्याने ट्रंक भरायला घेतली होती. आपली ताई जाणार, आणि तीही डोक्यावर खापर घेऊन!

“मागच्या अंगालाच सगळं मेलंय,” शालन म्हणाली. “म्हणजे गडबड डोहात आहे. चला!”

“डोहात? तिथलं मासं धरायचं न्हाईत!” सोनबा मागे सरला.

“मी कुठे धरतोय? तेच मला धरतील!” असं म्हणून पट्टीचा पोहणारा ज्योतीराम पाण्यात उतरलासुद्धा. पुढच्याच क्षणी तो ओरडला, “अरे बापरे! पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं!”

तिघांनी मिळून ओढलं. दगडांखाली दाबलेली अंबाडीची पेंढी! आत अजून कितीतरी होत्या. सोनबाने नाक दाबलं. “ही नानासाहेबांची! गावात एवढी अंबाडी दुसऱ्या कुणाची हाय?”

अंबाडी कुजवून दोर वळणं हे दरवर्षीचंच काम, पण ती भिजत घालायची गावाखालच्या ओढ्यात. मुलं धावतच घरी पोहोचली. ऐकताक्षणी कुसुमताई ताडकन उठली. “कुजताना ती पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते! साचलेल्या डोहात मासे गुदमरणारच!”

“पन नानासाहेबांना सांगनार कोन?” सोनबा पुटपुटला. “मांजराच्या गळ्यात घंटा कोन बांधनार?”

“सांगायचं कशाला?” शालनचे डोळे लकाकले. “त्यांचं नाकच सांगेल!”

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं होतं. शालन तांब्या घेऊन पुढे झाली. “नानासाहेब, देवीच्या डोहाचं तीर्थ आणलंय. पहिला मान तुमचा!”

मानाला नानासाहेब कधीच नाही म्हणत नसत. त्यांनी तळहात पुढे केला, डोळे मिटले, हात ओठांशी नेला आणि तसेच थबकले. शेजारच्या अर्जुनरावांनी वाकून हुंगलं.

“आरं, ही तर कुजकी अंबाडी!”

शेतकऱ्याच्या नाकाला तो वास शिकवावा लागतो थोडाच! शालनने वही उघडून कुठे किती शिंपले मेले, ते घडाघडा वाचून दाखवलं. एकही आकडा चुकला नाही.

नानासाहेबांचा चेहरा पडला. “माझीच हाय,” ते हळूच म्हणाले. “देवीच्या रथाच्या दोरासाठी. तिच्याच पाण्यात भिजवली तर पुन्य लागंल म्हनून टाकली. आन् बोल मात्र पोरीला लावला!”

दुसऱ्या दिवशी धोतर खोचून ते स्वतः डोहात उतरले. सगळ्या पेंढ्या निघाल्या. कुसुमताईची ट्रंकही रिकामी झाली! आठवडाभरात घाटावर मेलेले मासे यायचे थांबले, तसे नानासाहेब शालनच्या दारात आले.

“कुसुमताई, खुशाल मोजा. पोरं गुनाची हायेत तुमची!” मग ते शालनकडे वळले. आजवर तिला ‘ए पोरी’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने पागोटं सावरलं आणि हात जोडले.

“शालनबाई, म्होरल्या साली अंबाडी कुठं भिजवायची, ती जागा आता तुमीच दावा.”