आधी आलेली उत्तरं

पोह्यांचा डबा काढताना वैशालीच्या हाताला ती डबी लागली. कोलशेतच्या घरात वरच्या फळीपर्यंत आईचा हात पोचत नसे, म्हणून रविवारी आली की असली कामं वैशालीकडेच असत. स्टीलच्या डबीत वाळून सुरकुतलेले, मातकट तुकडे होते आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा वास.

"अळंबी का गं?" आईने, कलावतीबाईंनी, खालून विचारलं. लहानपणी गावी त्या रानातनं पदरात भरून आणायच्या. त्यात काय एवढं, असाच त्यांचा सूर होता.

वैशाली स्टुलावरच उभी राहिली. तीन महिन्यांतलं एकेक तिला आठवायला लागलं. रत्नदीप, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान भाऊ, एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. त्याने ऑफिसला जाणं सोडलं होतं. मित्रांचे फोन घेत नव्हता. भर उन्हात डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, तळहात घामेजलेले, दोनदा उलट्या. आईने पित्त म्हणून कोकम सरबत दिलं आणि डोंबिवलीच्या लॅबमध्ये अठरा वर्षं लोकांचं रक्त तपासणाऱ्या वैशालीनेही पित्तच असेल म्हणून मान डोलावली होती. तिला सगळ्यात जास्त राग त्या मान डोलावण्याचा आला.

रत्नदीपने काही लपवलं नाही. कुठल्याशा कॅम्पला गेलेला, तिथे अनिमेष नावाच्या मित्राने दिली. पाच-सहा वेळा खाल्ली. पहिल्यांदा रंग दिसले, मजा आली. नंतर नंतर भिंती जवळ यायच्या, आणि तरीही पुन्हा खावीशी वाटायची.

"नॅचरल असतं ताई ते," तो म्हणाला.

तिने त्याला सुनावलं की रानातली एक चुकीची अळंबी पोटात गेली तर चार दिवसांत लिव्हर जातं, आणि या डबीत नेमकी कुठली आहे ते त्या अनिमेषलाही सांगता येणार नाही. डबी तिने संडासात रिकामी केली. त्याचं रक्त घेतलं, स्वतः तपासलं. सगळं नॉर्मल होतं.

ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या अंमलाचं शरीरातलं काम काही तासांत संपतं, ते म्हणाले, पण एखाद्याचं मन मागे परतायला फार वेळ घेतं. भास राहतात, वेळेचं भान सुटतं. गोळ्या चालू ठेवा, एकटं सोडू नका, पुन्हा ते खाणं नाही.

पुन्हा त्याने खाल्लं नाही. आई चोवीस तास घरात होती. पण त्याच्याशी बोलणं अवघड होत गेलं. एका रविवारी जेवलास का विचारलं, तर तो म्हणाला, "फ्रिजच्या मागे." गोळी घेतलीस का, तर, "नको, मला थंडी नाही वाजत." वैशाली चिडायची, तेच पुन्हा विचारायची, आवाज चढवायची. तो केविलवाणा बघत राहायचा, जणू उत्तर देऊन झालंय आणि आता हिला आणखी काय हवंय ते त्याला कळत नाही.

त्या रविवारी दहाच मिनिटांनी आईने कुकरची शिट्टी शोधायला घेतली. ओट्यावर नाही, भांड्यांत नाही. शेवटी वैतागून तिने रत्नदीपला विचारलं, कुठे पडली रे? तो गप्प राहिला.

वैशालीने फ्रिज सरकवला. शिट्टी तिथेच होती.

योगायोग म्हणून तिने ते सोडून दिलं असतं. पण त्याच दुपारी आईने पंखा मोठा केला आणि त्याला विचारलं, चादर देऊ का?

वैशालीने वही सुरू केली. लॅबमधल्यासारखी: तो काय म्हणाला, किती वाजता. ती नसताना आई लिहायची. पुढच्या रविवारी रिक्षातून उतरताना तिने ठरवलं की आज असं काहीतरी विचारायचं, जे आजवर कुणीच विचारलं नाही. साडेबाराला तिने विचारलं, शाळेत चित्रकलेला कोण होतं तुला? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दोन चमचे."

वहीत आईचं वाकडंतिकडं अक्षर होतं. सकाळी नऊ: काळुराम सर.

साडेतीन तास. शिट्टीच्या वेळी दहा मिनिटं होती.

तिने डॉक्टरांना फोन केला. घरच्या माणसांना असंबद्ध बोलण्यात अर्थ दिसायला लागतो, ते म्हणाले, तुमची झोप होते का? लॅबमधल्या प्रियांकाने तिला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं. आईने वही बंद करून कपाटात ठेवली. आपल्या घरात असलं काही मानत नाहीत, एवढंच बोलली. तिचं खरं होतं. वैशालीही मानत नव्हती. ती फक्त आकडे मांडत होती, आणि आकडे कुणालाच बघायचे नव्हते.

अंतर वाढत गेलं. एक दिवस. मग अडीच. प्रश्न विचारावा तर उत्तर परवाच मिळून गेलेलं. गेल्या आठवड्यात चार दिवस भरले.

आज ती त्याच्यासमोर खाली चटईवर बसली. काही विचारायचं नाही असं ठरवूनच आली होती. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. आई आत चहा टाकत होती.

रत्नदीपने मान वर केली. तिच्याकडे नाही. तिच्या खांद्यावरून मागे, कुणी उभं असावं तिथे.

"हो साहेब," तो अदबीने म्हणाला. "माझीच बहीण."

वैशालीने मागे वळून पाहिलं. भिंत होती.

"कुणाशी बोलतोय गं तो?" आईने आतून विचारलं.

वैशाली पुन्हा त्याच्याकडे वळली.

रत्नदीप पुढे वाकला. त्याचा हात तिच्या कपाळाशी येऊन थांबला, अंगठा आणि बोट जुळलेलं. चिमटीत धरलेलं, न दिसणारं काहीतरी त्याने चादरीच्या कडेसारखं हलकेच तिच्या चेहऱ्यावर सोडलं, आणि दोन्ही बाजूंनी नीट सारखं केलं.