घोंगड्यावरचा डाव

हिवतापाच्या खात्यात लागल्यापासून साहेबरावाच्या वाट्याला वेल्ह्याच्या वरचे धनगरवाडे आले होते. घरोघर जायचं, कुणाला थंडीताप आला का विचारायचं, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर तारीख टाकायची आणि उतरायचं. भोरात त्याची भाड्याची खोली होती. तिथं त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून कुठंच नव्हतं.

अडुसष्टच्या दिवाळीनंतर एका दुपारी तो बनाबाईच्या ओसरीवर टेकला. बनाबाई, तिचा दीर सोनबा आणि शेजारचा चिमाजी एका जुन्या घोंगड्याभोवती बसले होते. काळ्या लोकरीवर पांढऱ्या दोऱ्यानं चौकोन पाडलेले. एकात विहीर, एकात झाड, एकात ओढा, अगदी शेवटी एक झोपडं. कवड्या टाकायच्या, खडा सरकवायचा आणि तिथं काय दिसतं ते बोलायचं.

"लई रडका डाव," सोनबा म्हणाला. "झोपड्यात गेलं की समदं वसाड. चूल बी थंड."

"तुमचं तुमाला, भावजी," बनाबाई म्हणाली. "मला तर माहेरी गेल्यावानी वाटतंय. अंगनात भाऊ बसल्याला असतोय."

"झोपडंच न्हाई तितं," चिमाजी म्हणाला. "वाट धुक्यात शिरती आन् संपती. करनाऱ्यानं डाव अर्धाच सोडलाय."

घोंगडं एक आणि तिघांचं तीन तऱ्हेचं. साहेबरावाला हसू आलं. ज्याच्या मनात जे असतं ते तो बोलतो, एवढंच, असं म्हणत त्यानं कवड्या उचलल्या.

पहिल्या दानाला तो 'विहीर' म्हणाला, कारण विहीर काढलेली होती. दुसऱ्या दानाला त्याला रहाटाची कुरकुर ऐकू आली. मग भोराजवळ उत्रोलीकडं असतात तशी भातखाचरं, ओल्या पेंढ्याचा वास, पायाखाली मऊ बांध. तो बोलत होता, पण आपलाच आवाज त्याला लांबून येत होता. झोपड्याशी पोचला तेव्हा दारात एक बाई उभी होती. त्यानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"किती उशीर केलात," ती म्हणाली. "पाय धुवा. वाढते."

आतून गरम भाताची वाफ आली.

"साहेब, उठा आता." बनाबाई त्याचा खांदा हलवत होती. ऊन ओसरीवरून उतरलं होतं. बाकीचे दोघं त्याच्याकडं न बघता कवड्या गोळा करत होते.

त्यानंतर खोलीवर त्याचं मन लागेना. पुढच्या फेरीला तो वाटेतली घरं टाकून आधी बनाबाईकडंच गेला. घोंगडं अंथरलेलं होतं, पण कुणी खेळत नव्हतं.

"आता समद्यांना एकच दिसतंय," सोनबा म्हणाला.

"काय दिसतंय?"

सोनबानं भावजयीकडं पाहिलं. शेवटी तीच बोलली. "तुमी. त्या झोपड्यात जेवत बसल्यालं. एक बाई वाढतीया. आमी हाक मारतो, पर तुमी मान वर करत न्हाई."

"सुखात दिसता," चिमाजी हळूच म्हणाला.

साहेबराव खाली बसला. कुणी अडवलं नाही. विहीर, झाड, ओढा. बांधावरून तो जवळजवळ पळतच गेला.

दार आतून लावलेलं होतं.

आत ताटवाटीचा आवाज होत होता. त्यानं कडी वाजवली.

"कोण आलंय हो?" आत बाईनं विचारलं.

ताट सरकवल्याचा आवाज झाला. मग त्याला त्याचाच आवाज ऐकू आला, पोटभर जेवलेल्या माणसाचा.

"कुणी नाही. वारा असेल. तू बस."